राउटर घरात, ताबा बाहेर

२७ नोव्हेंबर २०१६ रोजी, रविवारी, जर्मनीत डॉइचे टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची इंटरनेट सेवा कोलमडली. तिथे घरचा फोन आणि बऱ्याच घरांतला टीव्हीही त्याच जोडणीवर चालत असल्यामुळे एका पेटीबरोबर तिन्ही गोष्टी बंद पडल्या. कारण शोधल्यावर दिसले ते असे : मिराई या घातक प्रोग्रामची एक सुधारित आवृत्ती त्या सुमारास जगभरच्या आयपी पत्त्यांना ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर एक ठरावीक आज्ञा पाठवत सुटली होती. ज्या बनावटीच्या राउटरांसाठी ती आज्ञा रचलेली होती, त्या बनावटीचे राउटर या जर्मन घरांत नव्हतेच. त्यामुळे प्रोग्राम त्यांच्यात शिरू शकला नाही. पण त्या विनंत्यांचा भडिमार त्यांना झेपला नाही आणि ते जागच्या जागी गोठले. हल्लेखोराचा डाव फसला, तरी ९ लाख जोडण्या गेल्या.

या घटनेतला लक्ष देण्याजोगा तपशील म्हणजे ते पोर्ट, म्हणजेच बाहेरून येणाऱ्या विनंत्या स्वीकारणारे राउटरचे क्रमांकित दार. ७५४७ हे पोर्ट कोणा हॅकरने चोरून उघडलेले नव्हते. सेवा देणाऱ्या कंपनीला ग्राहकाच्या घरी माणूस न पाठवता राउटर सांभाळता यावा, यासाठी ते मुद्दाम ठेवलेले होते. घरगुती राउटरच्या सुरक्षिततेबद्दल आपण जी चर्चा करतो, ती बहुतेक वेळा ‘पासवर्ड कठीण ठेवा’ या सल्ल्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. तो सल्ला चुकीचा नाही, पण तो प्रश्नाच्या एका कोपऱ्याला स्पर्श करतो. मूळ प्रश्न असा आहे की घरातल्या या यंत्रावर एकाच वेळी तिघांचा ताबा असतो (घरमालकाचा, सेवा कंपनीचा आणि ज्याने त्याचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे अंगचे सॉफ्टवेअर, लिहिले त्या उत्पादकाचा), आणि त्या तिघांपैकी ज्याचा ताबा सर्वांत कमी, त्याच्यावरच सुरक्षिततेची जबाबदारी सर्वांत जास्त टाकलेली असते.

टीआर-०६९ या नावाने ओळखला जाणारा तांत्रिक संकेत २००४ मध्ये डीएसएल फोरमने, म्हणजे आजच्या ब्रॉडबँड फोरमने, प्रसिद्ध केला. त्यानुसार राउटर सुरू झाल्यावर आणि पुढे ठरावीक अंतराने आपण होऊन कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतो, आपले मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती कळवतो, आणि नवी सेटिंग किंवा नवे फर्मवेअर असेल तर उतरवून घेतो. कंपनीला मध्येच काही बदल करायचा असेल, तर ती राउटरच्या एका पोर्टवर, बहुधा ७५४७ वर, एक छोटीशी विनंती पाठवते. राउटर मग उलट सर्व्हरला फोन लावल्यासारखा जोडला जातो. या रचनेत मुळात वावगे काही नाही. लाखो ग्राहकांकडे एखादी सुरक्षा दुरुस्ती पोहोचवायची, तर दुसरा व्यवहार्य मार्गही नाही. २०१६ साली डॉइचे टेलिकॉमने याच मार्गाने सुधारित फर्मवेअर पाठवले आणि ग्राहकांना राउटरची पिन काढून पुन्हा लावायला सांगून सेवा पूर्ववत केली.

बिघाड होतो तो दोन गृहीतके एकत्र आल्यावर. पहिले गृहीतक असे की त्या पोर्टवर विनंती फक्त कंपनीच्या यंत्रणेकडूनच येईल. ही खात्री कंपनीने आपल्या जाळ्याच्या सीमेवर बाहेरून येणारी वाहतूक अडवली तरच खरी ठरते. अडवली नाही, तर ते पोर्ट जगातल्या कोणालाही दिसते. दुसरे गृहीतक असे की त्या पोर्टवर ऐकणारा प्रोग्राम फक्त ठरलेल्या विनंतीलाच उत्तर देईल. २०१६ मध्ये हल्ल्याचे खरे लक्ष्य असलेल्या राउटरांत, ज्यांत आयर्लंडमधल्या एका कंपनीने ग्राहकांना दिलेले झायक्सेलचे मॉडेलही होते, त्याच पोर्टवर टीआर-०६४ नावाचा दुसरा संकेतही चालू होता. हा संकेत घरातल्या संगणकावरून राउटर पहिल्यांदा जुळवण्यासाठी आखलेला, म्हणून त्याला बाहेरच्या जगाकडून धोका असेल असे कोणी धरलेच नव्हते. त्यात घड्याळ जुळवण्यासाठी कोणत्या सर्व्हरला विचारायचे, त्याचे नाव भरण्याची एक जागा होती. राउटर त्या जागेतला मजकूर न तपासता थेट आपल्या कार्यप्रणालीला देत असे. मग सर्व्हरच्या नावाऐवजी तिथे ‘अमुक पत्त्यावरून हा प्रोग्राम उतरव आणि चालव’ अशी आज्ञा भरली की काम झाले. पासवर्ड विचारण्याचा प्रसंगच येत नव्हता.

असे दोष एका कंपनीच्या निष्काळजीपणातून येतात असे मानणे सोयीचे असले तरी अपुरे आहे. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने ‘मिसफॉर्च्युन कुकी’ या नावाने एक दोष जाहीर केला. अनेक उत्पादकांच्या राउटरांत व्यवस्थापनाचे पान दाखवण्यासाठी रॉमपेजर नावाचा एकच छोटा वेब सर्व्हर वापरला जात होता. त्याला विशिष्ट घडणीची कुकी पाठवली की प्रशासकाचे अधिकार हाती येत, आणि अशी किमान १.२ कोटी उपकरणे इंटरनेटवर दिसत होती. अस्वस्थ करणारी बाब पुढेच आहे : रॉमपेजर लिहिणाऱ्या कंपनीने हा दोष २००५ मध्येच दुरुस्त केलेला होता. दुरुस्ती तयार असूनही ९ वर्षे ती घरांपर्यंत पोहोचली नाही, कारण मधली साखळी लांब आहे. चिप बनवणारा आपल्या चिपसोबत एक मूळ सॉफ्टवेअर संच देतो, त्यावर कारखाना राउटर घडवतो, त्यावर ब्रँड आपले नाव लावतो, आणि सेवा कंपनी त्यात स्वतःच्या सेटिंग्ज घालून तो ग्राहकाच्या भिंतीवर टांगते. प्रत्येक कडी आपल्या आधीच्या कडीकडून आलेला संच जसाच्या तसा घेते, आणि विक्री झाल्यावर मागे वळून तो बदलण्यात तिचा कोणताही आर्थिक लाभ नसतो.

आता आपल्याकडचा जोडणीचा दिवस पाहू. फायबरची तार घेऊन आलेला मुलगा टीव्हीच्या मागे किंवा चपलांच्या कपाटावर ओएनटीची (फायबर जिथे संपते ती, राउटरचेही काम करणारी) पेटी बसवतो, स्वतःच्या मोबाइलवर १९२.१६८.१.१ हे पान उघडतो, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड दोन्ही पाठ असल्यासारखे भरतो (ते पेटीच्या खालच्या स्टिकरवरही छापलेले असतात), जोडणीचे खाते टाकतो, वाय-फायला घरच्या आडनावाचे नाव देतो, ‘पासवर्ड काय ठेवू?’ असे विचारून बहुधा ग्राहकाचाच मोबाइल नंबर टाकतो, स्पीड टेस्ट दाखवतो आणि पुढच्या घरी जातो. या दहा-पंधरा मिनिटांत ग्राहकाला एकच पासवर्ड कळलेला असतो : वाय-फायचा. ज्या पासवर्डने त्या मुलाने पान उघडले, तो राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड वेगळा असतो हे ग्राहकाला ठाऊक नसते, आणि तो बदलला तर पुढच्या तक्रारीच्या वेळी आपल्यालाच अडचण होईल म्हणून तो मुलगाही ते सांगत नाही. शिवाय अनेक पेट्यांत कंपनीसाठी आणखी एक, अधिक अधिकारांचे खाते असते. ग्राहकाने आपल्या खात्याचा पासवर्ड कितीही कठीण केला तरी या दुसऱ्या खात्याला त्याचा धक्का लागत नाही. पुष्कळदा ते त्याच्या पानावर दिसतही नाही.

जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रोग्रामच्या तडाख्यात सापडले आणि कंपनीला ग्राहकांना जाहीर आवाहन करावे लागले की मूळचा पासवर्ड बदला. तो मूळचा पासवर्ड म्हणजे ‘अ‍ॅडमिन’ हाच शब्द होता. मिराईने त्याच्या आदल्या वर्षी हेच करून दाखवले होते : त्याच्या मूळ आवृत्तीत साधारण ६० ठरावीक नाव-पासवर्ड जोड्या होत्या, एवढेच त्याचे भांडवल. तेवढ्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या जाळ्याने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डाइन या कंपनीच्या डीएनएस सेवेवर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर) हल्ला करून अमेरिकेतल्या बऱ्याच मोठ्या संकेतस्थळांना काही तास गाठणे अशक्य केले.

‘माझ्या घरच्या नेटमध्ये कोणाला काय रस असणार?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. तो प्रामाणिक आहे, पण त्यात धोक्याचे जुने चित्र दडलेले आहे : कोणीतरी आपल्याला निवडतो आणि मग आपल्यामागे लागतो. प्रत्यक्षात निवड होतच नाही. आयपीव्ही४ मध्ये एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी आहेत. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन सादर केले आणि एका साध्या संगणकावरून, चांगली जोडणी असेल तर, त्या सर्व पत्त्यांवरचे एक पोर्ट पाऊण तासाच्या आत चाचपडता येते हे दाखवले. तेव्हापासून एखादे पोर्ट उघडे राहणे आणि ते कोणाला तरी सापडणे, यांतले अंतर दिवसांचे राहिलेले नाही. त्यामुळे बीडमधले एखादे घर आणि बर्लिनमधले एखादे घर यांत हल्ल्याच्या दृष्टीने फरक उरत नाही. फरक पडतो तो फक्त त्या पत्त्यावर कोणते मॉडेल, कोणत्या आवृत्तीसह उत्तर देते यावर.

आपल्याकडच्या पुष्कळ जोडण्यांना आजवर एका योगायोगाने थोडे संरक्षण दिले आहे. आयपीव्ही४ पत्ते कमी पडत असल्याने अनेक कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अशा ग्राहकाच्या राउटरपर्यंत बाहेरची अनाहूत विनंती सहसा पोहोचत नाही. पण हे संरक्षण पत्त्यांच्या टंचाईचे उपउत्पादन आहे, सुरक्षेची रचना म्हणून कोणी ते आखलेले नाही, आणि म्हणूनच त्यावर विसंबता येत नाही. त्याच कंपनीच्या जाळ्यातल्या दुसऱ्या, आधीच बाधित झालेल्या राउटरकडून येणारा धोका त्याने टळत नाही. शिवाय आयपीव्ही६ च्या वापरात भारत जगातल्या आघाडीच्या देशांपैकी आहे, आणि आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. तिथे आडोसा फक्त राउटरमधल्या फायरवॉलचा. ती चालू आहे का, हे पाहायला त्या व्यवस्थापनाच्या पानावरच जावे लागते.

आणि काही दारे आपणच उघडतो. दुकानात किंवा बंगल्यावर सीसीटीव्ही बसवला की मालकाला त्याचे चित्रण मोबाइलवर दिसावे अशी अपेक्षा असते. कॅमेरे बसवणारा कारागीर राउटरमध्ये डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग करतो; कोणते पोर्ट लागेल याचा नेमका अंदाज नसेल, तर डीव्हीआर सरळ डीएमझेडमध्ये टाकतो, म्हणजे त्याची सगळीच पोर्टे बाहेर मोकळी होतात. यूपीएनपी ही सोय चालू असेल तर कारागिराचीही गरज नाही. घरातले कोणतेही उपकरण राउटरला परस्पर सांगून, पासवर्ड न देता, असे दार उघडून घेऊ शकते. ही सोय घरातल्या उपकरणांवर पूर्ण विश्वास टाकता येतो, या समजुतीवर उभी आहे. तीही आत मर्यादित राहिली नाही : जानेवारी २०१३ मध्ये रॅपिड७ या कंपनीने इंटरनेटवरून यूपीएनपीची विचारणा करून पाहिली, तेव्हा ८ कोटींहून अधिक पत्त्यांनी बाहेरच्या त्या विचारणेला उत्तर दिले.

बाहेरची सगळी पोर्टे बंद असली तरीही एक वाट राहते, आणि तिचा विचार क्वचितच होतो. घरातला ब्राउझर घराच्या आत असतो. त्याने एखादे दूषित पान उघडले, तर ते पान गुपचूप १९२.१६८.१.१ कडे आज्ञा पाठवायला ब्राउझरला भाग पाडू शकते. राउटरच्या दृष्टीने ती आज्ञा घरातूनच आलेली असते. पासवर्ड मूळचाच असेल किंवा फर्मवेअरमध्ये अशा आज्ञा ओळखण्याची सोय नसेल, तर ती पाळली जाते. अशा एका आज्ञेने काय साधता येते, ते ब्राझीलमध्ये दिसले, जरी तिथली वाट वेगळी होती : २०११-१२ च्या सुमारास तिथल्या सुमारे ४५ लाख डीएसएल मोडेमांचे डीएनएस पत्ते बदलले गेले, ते मोडेमांच्या फर्मवेअरमधला एक दोष बाहेरून वापरून. डीएनएस पत्ता बदलणे ही वरवर क्षुल्लक नोंद आहे, चार आकड्यांची. पण घरातला प्रत्येक फोन, प्रत्येक लॅपटॉप ‘अमुक बँकेचे संकेतस्थळ कुठे आहे?’ हे त्याच पत्त्याला विचारतो. त्यामुळे संगणकावर एकही व्हायरस नसताना, अँटिव्हायरस अद्ययावत असताना, लोक बनावट पानांवर पोहोचत होते. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस वापरत असल्याने ही फसवणूक अधिक कठीण झाली आहे. तरी ब्राउझरचा प्रमाणपत्राविषयीचा इशारा ‘पुढे जा’ म्हणून ओलांडणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

या सर्वांहून गंभीर परिणाम मात्र घरातल्या माणसाला जाणवतच नाहीत, आणि प्रश्न वर्षानुवर्षे तसाच राहण्याचे कारण, माझ्या मते, इथेच आहे. ताब्यात गेलेला राउटर आपले काम नीट करत राहतो. नेट चालते, बिल तेवढेच येते. फक्त अधूनमधून कोणाची तरी वाहतूक त्या घराच्या पत्त्यावरून बाहेर पडते. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या यंत्रणांनी एनीप्रॉक्सी आणि ५सॉक्स या दोन सेवा बंद पाडल्या. त्यांचा व्यवसाय नेमका हाच होता : उत्पादकाचा आधार संपलेले जुने राउटर ताब्यात घ्यायचे आणि त्यांचे पत्ते मासिक वर्गणीवर विकायचे. गुन्हेगाराला असा पत्ता हवा असतो, कारण बँकेच्या किंवा तपास यंत्रणेच्या नोंदीत तो एखाद्या सभ्य कुटुंबाचा पत्ता म्हणून दिसतो.

पत्त्याचा माग काढत तपास कोणाच्या दारात येतो, हे महाराष्ट्राने फार आधी पाहिले आहे. २६ जुलै २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या काही मिनिटे आधी पाठवलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईतल्या एका घरच्या वाय-फायपर्यंत गेला. तिथल्या रहिवाशाचा कटाशी संबंध नसल्याचे पुढे निष्पन्न झाले, पण त्याआधी चौकशीला तोंड द्यावे लागले ते त्यालाच. तेव्हा हल्लेखोराला त्या इमारतीच्या आसपास, वाय-फायच्या टप्प्यात यावे लागले होते; म्हणून पुढे मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय जाळी शोधण्याचा जो मार्ग घेतला, तो त्या धोक्याला साजेसा होता. राउटरच दुरून ताब्यात असेल, तर आसपास कोणी येण्याची गरज नाही आणि गल्लीतून फिरून तपासण्यासारखेही काही उरत नाही.

हा वापर फक्त चोरांचा नाही. ३१ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने जाहीर केले की चीनशी जोडलेल्या ‘व्होल्ट टायफून’ या गटाने तिथल्या घरांतले आणि छोट्या कार्यालयांतले शेकडो जुने राउटर, मुख्यतः सिस्को आणि नेटगिअरचे, आडोसा म्हणून वापरले होते. लक्ष्य होते तिथल्या वीज, पाणी, दळणवळण यांसारख्या अत्यावश्यक यंत्रणा. न्यायालयाच्या परवानगीने एफबीआयने दुरूनच त्या राउटरांतला प्रोग्राम काढून टाकला आणि तो परत शिरू नये म्हणून अडसर घातला. सोबत त्यांनी स्पष्ट केले की हा इलाज तात्पुरता आहे. मालकाने राउटर बंद करून पुन्हा चालू केला, तर घातलेला अडसर निघून जाईल आणि तो पुन्हा बाधित होऊ शकेल. राज्यसंस्थेला नागरिकांच्या घरातल्या यंत्रात शिरून साफसफाई करावी लागावी, तीही न टिकणारी, यावरून बाकीचे सगळे मार्ग किती आटलेले होते ते कळते.

बंद करून चालू करणे, मूळ स्थितीला नेणे आणि फर्मवेअर नवे करणे, हे तीन उपाय आपण एकाच श्वासात सांगतो. त्यांचे परिणाम मात्र वेगळे आहेत. मिराईसारखे प्रोग्राम केवळ चालू स्मृतीत राहतात, त्यामुळे पेटी बंद-चालू केली की ते पुसले जातात. पण दार तसेच असेल तर काही मिनिटांत परततात. २०१८ मध्ये ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत सापडलेल्या व्हीपीएनफिल्टरचा पहिला टप्पा बंद-चालू केल्यानंतरही टिकत होता. तो घालवायला पेटी मूळ स्थितीला न्यावी लागे. २०२५ मध्ये आसूसच्या हजारो राउटरांत आढळलेला प्रकार याहून सूक्ष्म होता. हल्लेखोराने कोणताही प्रोग्राम न ठेवता राउटरचीच अधिकृत सोय वापरून दूरप्रवेश चालू केला आणि स्वतःची किल्ली सेटिंगमध्ये नोंदवून ठेवली. फर्मवेअर नवे केले की सेटिंग्ज जपल्या जातात, तशी ही किल्लीही जपली जात होती. म्हणजे ज्याने सल्ला मानून राउटर अद्ययावत केला, त्याचा मूळ दोष दुरुस्त झाला आणि घुसखोर मात्र आतच राहिला.

यावरून क्रम ठरतो. शंका असेल तर आधी बाहेरची तार काढावी, पेटी मूळ स्थितीला न्यावी, व्यवस्थापनाचा पासवर्ड बदलावा, मगच तार जोडून फर्मवेअर तपासावे. कारण मूळ स्थितीला नेल्यावर मूळचा पासवर्डही परत येतो, आणि तार जोडलेली असेल तर तीच वेळ सर्वांत धोक्याची. कंपनीच्या ओएनटीबाबत इथे खरी अडचण आहे : मूळ स्थितीला नेले की जोडणीच्या नोंदीही जातात आणि नेट पूर्ण बंद होते. म्हणून आधी ऑपरेटरशी बोलून घ्यावे लागते. रोजच्या स्थितीत व्यवस्थापनाच्या पानावर पाहण्यासारख्या जागा मोजक्याच आहेत. ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ बंद असावे. यूपीएनपी आणि डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून वाय-फाय जोडण्याची सोय) यांची गरज नसेल तर तीही बंद असावीत. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत आणि डीएमझेडच्या रकान्यात आपल्याला माहीत नसलेली नोंद नसावी, आणि डीएनएसच्या रकान्यात कंपनीचा किंवा आपण निवडलेला पत्ता असावा. जमत असेल तर ओएनटीला ब्रिज मोडमध्ये (म्हणजे राउटरचे काम बंद करून केवळ जोडणी पुढे देण्यापुरते) ठेवून त्याच्या मागे स्वतःचा राउटर लावणे अधिक चांगले, कारण मग घरातल्या जाळ्याचा ताबा तरी आपल्याकडे येतो. एवढे सगळे करूनही त्या ओएनटीतला दोष दुरुस्त होत नाही. २०१८ मध्ये दासान या कंपनीच्या जीपॉन राउटरांत असा दोष सापडला की पानाच्या पत्त्यापुढे एक प्रश्नचिन्ह आणि ‘इमेजेस’ हा शब्द जोडला, तर पासवर्ड न विचारताच पान उघडे. अशा वेळी ग्राहकाचा कठीण पासवर्ड निरुपयोगी ठरतो. इलाज फक्त नव्या फर्मवेअरचा, आणि ते द्यायचे की नाही हे ग्राहक ठरवत नाही.

कायद्यांनी अलीकडे इथे लक्ष घातले आहे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सर्व पेट्यांना एकच मूळ पासवर्ड देऊन विकणे बेकायदा आहे, आणि सुरक्षा दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे जाहीर करावे लागते. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२७ पासून मुख्यत्वे लागू होणार आहे. भारतात दूरसंचार विभागाच्या बेंगळुरूतल्या नॅशनल सेंटर फॉर कम्युनिकेशन सिक्युरिटीने राउटर आणि घरगुती वाय-फाय उपकरणांसाठी सुरक्षा निकष तयार केले आहेत, आणि प्रमाणपत्राची ही वाट योग्यच आहे. पण प्रमाणपत्र बाजारात येणाऱ्या पेटीला मिळते. भिंतीवर आधीच टांगलेल्या पेटीपर्यंत ते पोहोचत नाही. गॅसच्या नळीवर ती कोणत्या वर्षापर्यंत वापरायची हे छापलेले असते आणि सिलिंडर घेऊन येणारा ती बदलायला सांगतोही. राउटरवर तशी तारीख नसते, आणि आधार संपला त्या दिवशी त्याच्या दिव्यांचा रंगही बदलत नाही.

आपल्याकडे तारेवरच्या ब्रॉडबँड जोडण्या आता ४ कोटींच्या वर गेल्या आहेत. त्यांतला मोठा भाग २०१९ नंतरचा, विशेषतः टाळेबंदीच्या काळात घरूनच शाळा आणि नोकरी सुरू झाली तेव्हाचा आहे. तेव्हा लागलेल्या पेट्या आता पाच-सहा वर्षांच्या झाल्या. त्यांपैकी काही मॉडेलांना दुरुस्त्या मिळत राहतील. पण सगळ्यांना मिळतील असे मानायला मागचा अनुभव आधार देत नाही. पेटी चालते आहे तोवर ती बदलण्याचे कारण कंपनीला नाही, ऑपरेटरला नाही आणि ग्राहकालाही नाही. अशा स्थितीत धोका हळूहळू पसरेल असे नाही. एकाच कंपनीने एकाच मॉडेलच्या लाखो पेट्या लावलेल्या असतील, तर त्या एकदमच जातील. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका सेवा कंपनीच्या ६ लाखांहून अधिक ग्राहकांचे राउटर ७२ तासांत कायमचे निकामी झाले. त्यांचे फर्मवेअरच नष्ट केले गेल्याने दुरून दुरुस्ती अशक्य होती, प्रत्येक पेटी बदलावी लागली. तालुक्याच्या गावात दोन-तीन हजार जोडण्या सांभाळणाऱ्या केबल ऑपरेटरकडे अशा वेळी जादा ओएनटी किती असतील आणि त्या बसवायला माणसे किती, याचा अंदाज ज्याने कधी नेट बंद पडल्यावर त्याला फोन लावला आहे त्याला करता येईल. त्या गावातला दवाखाना आणि पतसंस्था त्याच तारेवर असतात.

कोणत्या घरात कोणते मॉडेल आहे आणि त्यात फर्मवेअरची कोणती आवृत्ती चालू आहे, याची नोंद टीआर-०६९ मुळे सेवा कंपनीच्या सर्व्हरवर आपोआप होत असते. आधार संपलेल्या पेट्या किती, हे कोणत्याही कंपनीला त्यातून काही तासांत काढता येईल. ग्राहकाच्या मासिक बिलावर पेटीचे मॉडेल, शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि आधार संपण्याचे वर्ष छापण्याची सक्ती दूरसंचार विभागाने केली, तर त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. मात्र असे बिल हाती आलेला ग्राहक पेटी बदलून मागेल आणि तो खर्च कोणी करायचा याचे उत्तर द्यावे लागेल. ही माहिती आजवर बिलावर न येण्याचे कारण बहुधा तेच असावे.